उंदरांची खूण

उंदीरमामांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बावीस वर्षं प्रयोगशाळेत उंदीर सांभाळून ते इतके मुरले होते, की मामींच्या मते बिस्कीटसुद्धा दोन्ही हातांत धरून कुरतडत.

बाई तिथे विद्यार्थिनी म्हणून आल्या, तेव्हा पहिला उंदीर त्यांच्या हातात मामांनीच दिला होता. "शेपटी धरून लोंबकळवू नका. त्यालाही अब्रू आहे."

आता बाई विभागप्रमुख होत्या. मेंदूत निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य टिकवून धरणारं औषध त्या तपासत होत्या. सगळ्या उंदरांना आधी विसरायला लावणारी सुई द्यायची. मग निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. नंतर दुधाळ पाण्याच्या गोल टाकीत सोडायचं आणि पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला लावायचं. औषधवाले थेट चौथऱ्यावर, मीठवाले गटांगळ्या खात. बाईंचे पाय जमिनीला लागेनात.

मामांना मात्र शंका आली. औषधवाल्यांची पाळी सकाळी. तेव्हा चौथऱ्यामागच्या भिंतीला टेकून मामा उभे असत. मीठवाल्यांची दुपारी, तेव्हा मामा पिंजरे धूत. एका सकाळी दाढदुखीमुळे मामा घरी राहिले, तर औषधवालेही भरकटले.

त्यांनी बाईंना एकटं गाठलं. "औषधातलं मला कळत नाही, बाई. पण पोरं माझ्याकडे बघून पोहतात. कोपऱ्यावरचं दुकान असतं ना, तशी मी त्यांची खूण झालोय."

"मामा, हे आपल्या दोघांतच ठेवा. मी प्रयोग परत करते."

मामांनी मामींनाही सांगितलं नाही. संसारातलं त्यांचं हे पहिलंच गुपित.

बाईंनी प्रयोग परत केला नाही; शोधनिबंध छापला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला, तर तिथले उंदीर बुडता बुडता वाचले. चौकशी लागली. बाईंनी मामांपुढे टाईप केलेला जबाब ठेवला: 'मी उंदरांना खूण केली.'

"केली नाही, बाई. झालो."

"एका शब्दाचा तर फरक आहे, मामा. तुमची फार तर बदली होईल. माझं सगळं जाईल."

"माझं एवढंसंच आहे, म्हणून ते जाऊ द्यायचं?"

मामांनी 'केली' खोडलं, वर 'झालो' लिहिलं आणि सही केली. चौकशी समितीसाठी स्वच्छ प्रत काढताना बाईंनी ती 'व्याकरणाची चूक' दुरुस्त केली.

मामांची रवानगी बाटल्या धुवायच्या खोलीत झाली. कँटीनमध्ये कुणी ना कुणी विचारी, "मामा, पोरीची परीक्षा आहे. खूण करायला येता का?" मामा आधी सगळ्यांबरोबर हसत. मग डबा बाटल्यांच्या खोलीतच खाऊ लागले.

मागच्या आठवड्यात दोन गडी काळ्या कापडाचा भलामोठा गठ्ठा घेऊन चालले होते.

"काय रे हे?"

"पडदा. टाकीभोवती लावायचाय. उंदरांना बाहेरचं माणूस दिसता कामा नये म्हणे."

"कोण म्हणे?"

"बाई."

"म्हणजे कळलं होतं त्यांना," मामा म्हणाले. गठ्ठा दारात अडकला होता. त्यांनी हात पुसले आणि दाराची दुसरी झडप उघडून दिली.