श्यामलाची उलटी ट्राम

कालिंदी उपासनीने आयुष्यात एकदाच ट्राम चुकवली, आणि तीही पुस्तकापायी. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये कलकत्त्यात फ्री स्कूल स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती उभी राहिली ती राहिलीच. खिदिरपूरच्या गोदीत उतरलेले खलाशी वाचून झालेली पुस्तकं तिथे विकून टाकत. त्या ढिगात तिला दोन टाचण्या मारलेलं एक पातळ चित्रकथेचं पुस्तक सापडलं. नायिका शिकागोत बस चालवणारी बाई, आणि काळी. तिचा नवरा काळा, शेजारी काळे, बसमधली झाडून सगळी माणसं काळी. कुणाची परवानगी न मागता, ठसठशीत काळी. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आम्ही सहा जण आहोत. आमच्या माणसांची चित्रं कुणी छापत नाही, म्हणून आम्हीच काढतो, आम्हीच छापतो, आम्हीच विकतो. तुम्हीही काढत असाल तर पाठवा.' खाली पत्ता. कालिंदीला हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी राहिला.

कारण तीही काढत होती. भवानीपूरच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि शनिवारी शाळा सुटली की मुख्याध्यापिकेच्या परवानगीने सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वतःचं चित्रमासिक छापायची. प्रती चाळीस, कलकत्त्यातल्या चाळीस मराठी घरांसाठी. नायिका श्यामला, ट्राम चालवणारी मराठी बाई. कलकत्त्यात तेव्हा बायका ट्राम चालवत नसत, पण ते श्यामलाला कुणी सांगितलं नव्हतं. तिची ट्राम रूळ सोडून डमडमच्या विमानतळावर जायची, फोर्ट विल्यमच्या पहारेकऱ्यांकडून सलाम घ्यायची. फक्त नाव श्यामला असून रंग पांढरा. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरलेली रेघ छान उमटते, पण मोठा भाग काळा करायला गेलं की कागद फाटतो. म्हणून श्यामला कोरीच राहायची. "गोरीपान आहे हो तुझी श्यामला," असं बायका कौतुकाने म्हणाल्या की कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती स्वतः चांगली काळी होती. 'सावळी' म्हणून कुणी सांभाळून घेतलेलं तिला खपत नसे. लग्नासाठी तिचा फोटो एस्प्लनेडच्या एका स्टुडिओत काढला, तेव्हा तिच्या आईने, सरलाबाईंनी, फोटोवाल्याला सांगितलं होतं, "जरा उजळ करा." त्याने इतकी उजळ केली की बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा घेऊन आलेल्या कालिंदीलाच विचारलं, "कालिंदी कुठे आहे?" तो फोटो अजून बाहेरच्या खोलीत चौकटीत होता. सगळं शहर काळ्या देवीपुढे लोटांगण घालतं आणि सून मात्र गोरी शोधतं. मग आपली मंडळी तरी त्यात मागे का राहतील?

तिने आपले तीन अंक शिकागोला धाडले. उत्तर यायला ऑक्टोबर उजाडला. लिहिणारी लोरेटा गेन्स, त्या बसवालीची चित्रकार. पुढच्या अंकात पाहुण्यांची पानं असणार होती. नियम एकच : ज्याने त्याने आपलं पान आपल्या हाताने छापायचं आणि शंभर प्रती पाठवायच्या. नोव्हेंबरअखेर पोचल्या की शिकागोत सगळी पानं एकत्र टाचली जातील. शेवटी एक ओळ होती, 'तुमची श्यामला आम्हा सगळ्यांना आवडली. ती गोरी आहे का?'

'नाही' असं कालिंदी त्या दिवशी निदान वीसदा मोठ्याने म्हणाली, त्यातलं एकदा भर वर्गात. श्यामला शिकागोला जाईल तर काळी होऊनच जाईल, नाहीतर जाणारच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पहिल्याच शनिवारी तिने मेणकागदावर श्यामलाचा चेहरा भरगच्च कोरला. कागद फाटला, शाई यंत्रात उतरली आणि सोमवारी पालकसभेच्या नोटिशीवर मधोमध वांग्याएवढा डाग उमटला. तिला यंत्राला हात लावायची बंदी झाली. मग तिने बटाट्याचा ठसा केला. श्यामला बटाट्यासारखीच दिसली. रबराच्या तुकड्याने बारीक ठिपके उमटवून पाहिले, तर वडील विनायकराव चष्मा पुसत म्हणाले, "हिला गोवर आलाय का गं?"

असे दोन आठवडे वाया गेले. एके दिवशी ट्रामच्या खिडकीतून तिला भिंतीवर जात्रेचं, म्हणजे बंगाली लोकनाट्याचं, पोस्टर दिसलं. त्यावरचा राक्षस काळाकुट्ट होता. ती चालत्या ट्राममधून उतरली, पोस्टरच्या तळाशी छापखान्याचं नाव वाचलं आणि तडक चितपूर रोड गाठला. तिथे श्यामसुंदरबाबू नावाचे म्हातारे कारागीर लाकडाचे ठसे कोरत बसले होते. राक्षस त्यांचाच होता. कालिंदीने धापा टाकत आपली अडचण सांगितली. ते हसू लागले.

"दीदीमोनी, लाकडात काळं आपसूक येतं," ते म्हणाले. "जे कोरलं नाही ते काळं. घाम गाळायचा तो पांढऱ्यासाठी."

कालिंदी त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं ती काळ्यासाठी झटत होती आणि इथे काळं फुकट होतं. तिला त्या म्हाताऱ्याला उचलून नाचावंसं वाटलं. त्याऐवजी तिने एक फळी आणि तीन पटाश्या मागून घेतल्या. बाकी काही श्यामसुंदरबाबूंनी शिकवलं नाही. चित्रकलेच्या मास्तरणीला आपण काय शिकवायचं, असं त्यांना वाटलं.

अकरा दिवस जेवणाच्या टेबलावर लाकडाचा भुसा पडत होता. विनायकराव वरणातून काड्या वेचत होते. बाराव्या दिवशी कालिंदीने चितपूरला जाऊन फळीला शाई लावली, कागद ठेवला, दाबला, उचलला. श्यामला उमटली. काळी. नाकात नथ, डोळ्यांत चमक, हात ट्रामच्या दांड्यावर, मागे सगळा चौरंगी रस्ता. कालिंदीला दुसरं काही दिसेचना. गाणं गुणगुणत तिने शंभर प्रती काढल्या, वर पाच घरच्यांसाठी.

घरी सरलाबाईंनी प्रत हातात घेतली मात्र, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, पदर उजव्या खांद्यावर? आणि नथ उजव्या नाकपुडीत? हा पदर आपला नाही, गुजराती नाही, कुणाचाच नाही."

"आणि ट्राम रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललीय," विनायकराव म्हणाले. "समोरून डबलडेकर आली तर हिचं काही खरं नाही."

कालिंदीचा चेहरा पडला. ठसा उलटा उमटतो, म्हणून चित्र फळीवर उलटं उतरवायचं असतं. हे ती मुलींना दरवर्षी बटाट्यावर शिकवत होती. टपाल उद्याच निघायला हवं होतं आणि नवीन फळीला आणखी अकरा दिवस लागले असते. ती खुर्चीत बसली. मग तिला हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी आलं.

"रंग बरोबर आहे ना? मग झालं तर," ती म्हणाली आणि गठ्ठा बांधायला घेतला.

फेब्रुवारीत शिकागोहून जाड पाकीट आलं. अंकाच्या बरोबर मधल्या पानावर श्यामला होती. लोरेटाने लिहिलं होतं, 'तुमच्याकडेही गाड्या उजव्या बाजूने धावतात हे आम्हाला माहीत नव्हतं. अगदी घरचं वाटलं.' शेवटच्या पानावर त्यांची बसवाली श्यामलाला भेटायला आली होती, खास साडी नेसून, पदर उजव्या खांद्यावर घेऊन. कालिंदी ते पान घेऊन सगळ्या घरात उड्या मारत फिरली. वय वर्षं एकतीस. शिकागोला खरं काय ते तिने कधीच कळवलं नाही.

सरलाबाईंनी अंक दोनदा उलटून पाहिला. मग घरच्या पाच प्रतींतली एक काढली, भिंतीवरची चौकट उतरवली आणि आतला उजळ फोटो बाहेर ओढला.

"आई, हे काय करतेस?"

"हा कुणाचा फोटो आहे कुणास ठाऊक. सात वर्षं धूळ पुसतेय, ओळखच पटली नाही," सरलाबाई म्हणाल्या. "ही बघ, ही माझी मुलगी दिसते."

कागद चौकटीपेक्षा मोठा होता. त्यांनी ट्रामचा भाग मागे दुमडला, तेव्हा विनायकरावांनाही हायसं वाटलं. चौकटीत उरला तो काळा चेहरा, चमकणारे डोळे आणि चुकीच्या नाकपुडीतली नथ. त्यानंतर घरी आलेल्या कुठल्याही पाहुण्याने कालिंदी कुठे आहे असं विचारलं नाही.