शिस्टरांची वेणी

शिस्टरांच्या वेणीचा मला हेवा वाटायचा. तिशीतच टक्कल पडलेल्या डॉक्टरने असं म्हटलं तर लोक हसतील, पण प्रश्न केसांचा नव्हता. पारनेरकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या, आणि जे मला डिग्री घेऊन जमलं नाही ते त्या वेणीवर शिकवायच्या.

प्रतिपिंडं म्हणजे काय, हे मी कागदावर आकृती काढून सांगायचो. पेशंट मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन विचारायचे, "शिस्टर हायती का?" मग शिस्टर लशीच्या रांगेतल्या एखाद्या बाईचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या. "ह्या जंतू. मी प्रतिपिंड. धरलं खरं, पन गिळायला मला तोंड न्हाई. आता मागनं माझी वेनी धरा कुनीतरी." कुणीतरी धरायचं. "ह्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर माझ्या वेनीच्या मापाची खाच हाय. वेनी खाचंत बसली, की त्या जंतूला गिळत्यात." सगळी रांग हसायची आणि मुकाट्याने दंड पुढे करायची. त्या खाचेला रिसेप्टर म्हणतात, असं मी मागून सांगायचो. ते कुणीच ऐकत नसे.

एका रविवारी सकाळी एक मेंढपाळ आला. पिसाळलेल्या कुत्र्याने हात फोडला होता आणि घरच्यांनी जखमेत मिरचीपूड भरली होती. जखम धुतली, दंडात लस दिली. पण लशीने शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात; तोवर तयार प्रतिपिंडं जखमेतच टोचावी लागतात. मी आकृती काढली. त्याने कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे. "जखमंतच सुया? न्हाई जमायचं," म्हणाला आणि निघून गेला.

"शिस्टरांना फोन लावू का?" कंपाउंडरने विचारलं. मी म्हटलं, "रविवार आहे, त्या चर्चला गेल्या असतील. कशाला त्रास?" खरं कारण वेगळं होतं. तो परत यावा आणि माझं ऐकून यावा, एवढीच माझी इच्छा होती. दुपारी दोनपर्यंत मी वाट पाहिली. मग भीतीने माझी गाळण उडाली आणि मीच फोन लावला.

शिस्टर चर्चच्याच साडीत स्कूटरवर निघाल्या. मेंढ्यांचा तळ शोधून, संध्याकाळच्या आत त्याला घेऊन आल्या. तिथे त्याला वेणी धरायला लावली असणारच. सुया टोचताना त्याला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेबांना तुमच्या काळजीनं जेवन गेलं न्हाई." मी पोटभर जेवलो होतो.

यंदा शिस्टर रिटायर झाल्या आणि बेलापूरला भावाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी तो मेंढपाळ धडधाकट आला. त्याने शिस्टरांच्या खांद्यावर नवीकोरी घोंगडी घातली, पाया पडला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, तुमी बी हुता ना त्या दिशी?"

"आरं, त्यांनीच तर मला बोलावलं," शिस्टर म्हणाल्या.

सकाळी गेलेल्या माणसासाठी मी फोन दुपारी का केला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. मी त्यांच्या जागी असतो तर सांगितलं असतं. त्यांचा मला अजून हेवा वाटतो तो ह्यासाठीच.