मामा, ते ढेकूळ नक्की कुणामुळं झालं?

आज सकाळी मामा गेले, आणि मला रडू यायच्या ऐवजी डोक्यात नुसता गोंधळ चाललाय.

मामा म्हणजे वाळूजच्या आमच्या प्लँटमधले सीनियर ऑपरेटर. सिल्लोडकडचे, राहायला पुंडलिकनगरला. माझे सख्खे कुणी नव्हेत, पण अख्खा प्लँट त्यांना मामाच म्हणायचा.

आम्ही बाटल्यांच्या पॉलिएस्टरचे दाणे पक्के करतो. उंच टाकीत, न वितळवता, तासन्‌तास तापवून.

पण त्याआधी ते क्रिस्टलायझरमध्ये हलवत हलवत भाजावे लागतात. कच्चे राहिले की टाकीत एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं.

मी ट्रेनी असताना मामा ओंजळभर दाणे उजेडात धरून सांगायचे, "साबुदाणा शिजला की काचेवानी व्हतो. ह्यो उलटा हाय. काचेवानी दिसला तर कच्चा, पांढरा झाला तर शिजला."

एवढं सोपं. तरी मी माती खाल्ली.

टार्गेट मागं पडलं होतं, म्हणून कुणाला न विचारता फीड, म्हणजे दाणे सोडायचा वेग, वाढवला.

दुपारी टाकी जाम. दोन दिवस प्लँट बंद, आणि आम्ही पहारीनं ढेकळं फोडतोय.

माझं कन्फर्मेशन आठ दिवसांवर होतं. साहेबांनी विचारलं, कुणी केलं? मी खाली वाकून ढेकळं गोळा करायला लागलो.

मामा म्हणाले, "माझ्याकडून झालं, साहेब."

मेमो त्यांना मिळाला. त्यांना मिळणारी शिफ्ट इनचार्जची जागा गेली ती गेलीच. मी पर्मनंट झालो.

का केलंत असं, म्हणून किती वेळा विचारलं. "गप चहा पी," एवढंच उत्तर.

नऊ वर्षं दसऱ्याला आपट्याचं पहिलं पान त्यांनाच दिलं. पाया पडायला वाकलो की पाय मागं घ्यायचे. मला वाटायचं, मोठेपणा.

आज त्यांच्या घरी गेलो. न राहवून मामींजवळ सगळं कबूल केलं. त्या चकित होऊन म्हणाल्या,

"तुझी कशी चूक? त्या दिशी ह्यांनीच दाण्यांचं सँपल न बघता पास केलं म्हणायचे. पोरगं उगंच मनाला लावून घेतंय, पण खरं सांगायची लाज वाटती, म्हणायचे."

आता काय समजू मी?

माझ्या फीडनं झालं, की त्यांच्या सँपलनं? मामींना खरं सांगितलं होतं, की माझी चूक घरातसुद्धा स्वतःवरच घेतली होती?

लई राग येतोय मामा तुमचा. हे विचारायला आता कुठं येऊ?

उद्या फर्स्ट शिफ्टला सँपल मीच बघणार. ओंजळीत घेऊन, उजेडात धरून.

आणि अर्धी चूक माझीच राहू द्या. तेवढंच तुमचं काहीतरी माझ्याकडं राहील.

मनापासून श्रद्धांजली, मामा.