नाकवाली आत्या आणि पोटावरच्या रेघा

आमची आत्या पाणी पिण्याआधी पेल्याचा वास घ्यायची. स्वतःच्या घरात, स्वतः घासलेल्या पेल्याचासुद्धा. राणीसावरगावात तिला सगळे नाकवाली म्हणत. जन्मभर मेंढरं राखली, पण गोठ्यातून आली की कोपरापर्यंत हात तीनदा धुवायची. "लय घान हाय गं सगळं," हे दिवसातून दहा वेळा.

अंडाशयाचा कॅन्सर परत आला तेव्हा तिची फाइल मी माझ्याकडे घेतली, कारण ती राहायची त्या तिच्या दिरा-जावेच्या घरात रिपोर्टवर भाकरी ठेवलेली मी पाहिली होती. मागच्या वेळी नुसती केमो झाली होती. या वेळी नांदेडच्या डॉक्टरांनी केमोच्या प्रत्येक फेरीला जोडून दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, पोटाला किरणांचा हलका शेक द्यायचं ठरवलं. एकट्या शेकाने काही व्हायचं नाही, तो औषधाला जोर यावा म्हणून. "बरं होईलच असं नाही. गाठी दबल्या तर वेळ मिळेल," त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यासाठी पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा ओढल्या. चार फेऱ्या होईपर्यंत त्या टिकवायच्या. पुसल्या तर माप पुन्हा, आणि फेरी लांबणार. माझ्या यादीतली पहिली ओळ: पोट घासायचं नाही.

आत्या रेघांकडे बघून हसली. "मेंढराला मी असाच पट्टा ओढते. पट्टा गेला की ते कुणाचं बी व्हतं."

भेटायला येणाऱ्यांचा मला वीट आला. एक जण कसलीशी काळी भुकटी घेऊन आला, तिला बुरशीचा वास. एकीने पोरांना उंबऱ्याबाहेर उभं करून विचारलं, "यांच्या अंगातून करंट बाहेर यायलाय का वं?" जाऊ कौसाबाईने आत्याचा पेला वेगळा काढून मोरीच्या कठड्यावर ठेवला होता. आत पालीची लेंडी. आत्याने तो नाकाशी नेला आणि खाली ठेवला. घान हाय म्हणाली नाही.

दुसऱ्या फेरीनंतर भावकीतला एक म्हातारा गेला. दहाव्याला सगळ्यांनी न्हायचं होतं. कौसाबाई साबण आणि घासायचा दगड घेऊन आली.

"पोटावरलं ते काळं काढते, आक्का. सुतक घरात ठिवायचं न्हाई."

"डोक्यावर पानी वत. पोटाला हात लावू नको."

"मग घरात यिऊ नका."

मी पोचले तेव्हा आत्या गोठ्यात, लेंड्यांवर पोतं टाकून बसली होती. पदर नाकाला नव्हता, पोटाला आवळलेला होता.

"आत्या, इथं किती वास आहे."

"हाय की. पर हितं मला घासायला कुणी येईना."

त्याच दुपारी तिला मी गंगाखेडला माझ्या घरी आणलं.

तिसरी फेरी त्याच रेघांवर झाली. चौथीच्या आधी पोटात पाणी भरलं, आणि ती गेली.

शेवटच्या आंघोळीला बायका नाकाला पदर लावून लांब उभ्या होत्या. कौसाबाई तिथूनच म्हणाली, "आता तरी पोटावरलं घासून काढा." मी पोटावर नुसतं पाणी सोडलं. रेघा ठेवल्या.

तोंडात पाणी घालायला कौसाबाईने पेला पुढे केला. मी तो आधी नाकाशी नेला, आणि परत घासायला लावला.