वहिनीला चटका बसला ती दुपार

ज्या दिवशी पुण्यात वहिनीच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली, त्या दिवशी दुपारी ती भिंगारला आमच्या स्वयंपाकघरात आली.

हे एक वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. मी मुलींच्या शाळेत शिकवते. रविवारी उपासना आणि उरलेले दिवस पुस्तकं, एवढंच माझं जग. असल्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मी उठून आत जात असे. मासिकाच्या या सदरातले वाचकांचे अनुभव वाचतानाही माझं मन आधी साधं कारण शोधतं. तरी जे झालं, ते झालं तसं लिहिते.

भिंगारच्या बाजारामागे, छावणीच्या बाजूला, दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो — आई, दादा, दादाची बायको मार्थावहिनी आणि मी. पुढच्या खोलीत माझं टेबल, मागे स्वयंपाकघर, त्यामागे पडवी. दादा छावणीच्या स्टोअरमध्ये कारकून होता. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं.

वहिनीचा आजार आईला आधी गुण वाटला होता. वहिनी तव्यावरची भाकरी हातानेच उलटायची, निखारा चिमट्याशिवाय सरकवायची. आई शेजारणींना कौतुकाने सांगे, "आमच्या मार्थाचा हात लई चिवट. इस्तू बी लाजतो तिला." मग एकदा वहिनीच्या बोटांवर भाजल्याचे फोड दिसले, आणि ती कधी भाजली हे तिलाच सांगता येईना.

लग्नाआधी आईने महारोग्यांच्या आश्रमात सेविकेचं काम केलं होतं. बधिर हात तिने पुष्कळ पाहिले होते. तिने वहिनीला तोंड फिरवून बसवलं आणि बोटांना सुई टोचली. थोडा वेळ वाट पाहून वहिनी म्हणाली, "टोचा ना, आई."

आईने सुई खाली ठेवली.

तेव्हापासून वहिनीचं ताट निराळं, अंथरूण पडवीत, आणि चुलीपाशी जायचं नाही. आई दुष्ट नव्हती. रोज ती वहिनीच्या फोडांना पट्टी बांधायची, पण हातावर फडकं घेऊन. कातडीला कातडी लागू द्यायची नाही. दवाखान्यातही कोणी वेगळं म्हणालं नाही. महारोगावरच्या तेलाची इंजेक्शनं सुरू झाली.

"वन्सं, रोगाचं एवढं काही नाही हो," वहिनी मला म्हणायची. "पण आतून भाकरी थापल्याचा आवाज आला की हात शिवशिवतात. बधिर आहेत म्हणे!" आणि हसायची. हसता हसता मध्येच थांबून दोन्ही तळव्यांनी मानेचा मागचा भाग दाबून धरायची. हसलं, खोकलं, शिंकलं की तिथे कळ येई. त्या कळेचा आणि हातांचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

ते आलं मिलिटरीतल्या एका बंगाली डॉक्टरांच्या मनात. स्टोअरमध्ये बोलता बोलता दादाने बायकोच्या हातांचं आणि मानेतल्या कळेचं सांगितलं आणि ते घरीच आले. वहिनीचे डोळे बांधून त्यांनी हातावरून कापूस फिरवला. तो तिला कळला. मग एक गरम पाण्याची आणि एक गार पाण्याची बाटली लावली. तिला फरक कळला नाही. अंगावर कुठे चट्टा नव्हता, कोपराजवळची नस जाड झालेली नव्हती.

"हा महारोग नाही," ते म्हणाले. ते इंग्रजीत सांगत होते, मी आईसाठी मराठीत सांगत गेले. कवटीच्या तळाला एक भोक असतं, त्यातून मज्जारज्जू पाठीत उतरतो. काहींच्या लहान मेंदूचं खालचं टोक जन्मापासूनच त्या भोकात बुचासारखं उतरलेलं असतं. याला कियारीचा दोष म्हणतात. मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते, आणि मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी वाढू लागते. ऊन-गार आणि वेदना यांचे धागे तिथूनच जातात, म्हणून ते आधी तुटतात. स्पर्शाचे धागे निराळ्या वाटेने जातात, म्हणून ते वाचतात.

उपाय एकच — मागून कवटीचं थोडं हाड काढायचं, मानेच्या पहिल्या मणक्याची कमान काढायची, मेंदूवरचं आवरण उघडून जागा करून द्यायची. त्यांच्या ओळखीचे एक सर्जन पुण्याला होते. "गेलेली जाणीव परत येईल असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "आहे ती वाचेल. आणि जिवाला धोका आहे. उघडल्याशिवाय माझ्या निदानाचीही खात्री नाही."

ते गेल्यावर आई म्हणाली, "पोरसवदा हाय डागदर. म्या हे हात वळखते."

वहिनीने मात्र ठरवून टाकलं. जायच्या आदल्या दिवशी मी पडवीत तिची वेणी घालत होते.

"मागचे केस काढणार म्हणे," ती म्हणाली. "म्हणजे पुढून बाई आणि मागून बुवा!"

"मग दादाने कुठल्या बाजूने हाक मारायची?" मी म्हटलं. ती हसली, आणि लगेच मान धरून बसली. कळ ओसरल्यावर तिने दारातून आत पाहिलं.

"आई, उघडल्यावर डॉक्टर म्हणाले तसंच निघालं, तर माझ्या हातची भाकरी खाल ना?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आदी ये तर परत."

दादा तिला घेऊन गेला. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते, आई आत भाकरी थापत होती. ऊन चांगलं कडक होतं. थापण्याचा आवाज थांबला, आणि मला वहिनीचं हसू ऐकू आलं. ते मध्ये कुठे तुटलं नाही... शेवटपर्यंत गेलं. मग तिचा आवाज, अगदी स्पष्ट — "अगं बाई! आई, भाजलं की हो!"

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा आई चुलीसमोर उजवीकडे वळून बसली होती. दोन्ही हात तिने असे धरले होते, जसा कोणाचा हात धरावा, आणि त्यावर ती फुंकर घालत होती. समोर कोणी नव्हतं. तव्यावर भाकरी जळत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. "कवा आली गं ही? दादा कुठं हाय?"

आईने पुन्हा समोर पाहिलं, पडवीकडे पाहिलं, आणि हळूहळू हात खाली घेतले.

"म्या हात धरला तिचा," ती म्हणाली. "धरायचा न्हाई, हे इसरलेच."

दादा चार-पाच दिवसांनी एकटाच परतला. वहिनी शस्त्रक्रियेतून वाचली होती, नंतरच्या तापाने गेली. तिला पुण्यालाच पुरलं. आत अगदी डॉक्टर म्हणाले होते तसंच निघालं होतं. महारोग नव्हता. ते त्याने तिला सांगितलं होतं, तिला ते कळलंही होतं.

"शुद्धीवर आली तेव्हा हात चोळत होती," दादा म्हणाला. "भाजलंय म्हणत होती. मी पाहिलं, तर काहीच नव्हतं." आम्ही त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"कोन्ता हात?" आईने विचारलं.

"उजवा."

आईने पदर तोंडाला लावला.

ते बंगाली डॉक्टर पुढे भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं. मज्जारज्जूच्या दुखण्यात अशी खोटी आग होते, ते म्हणाले. जाणीव एका दिवसात परत येत नाही. ते मला पटतं. शेजारच्या घरात कोणी हसलं असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. त्या दुपारी तिथे कुलूप होतं. दोघींना एकदमच भास झाला, हे एक कारण उरतं. पण मी तर फक्त आवाज ऐकला, आणि आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "हात ऊन हुता गं तिचा." मला याचं उत्तर सापडलेलं नाही. अजूनही दुपारी मी पुस्तक मिटून कान देते. मला तिला एकदा पाहायचं होतं.

आई गेल्या वर्षी गेली. आता घरात दादा आणि मी आहोत. भाकरी मी करते.