बुजवलेला तलाव

आमच्या हॅलोवे गावात, अलाबामात, वर्नामावशीनं कित्येक उन्हाळे पोरांना पोहायला शिकवलं. गावाचा पोहायचा तलाव सगळ्यांच्या करातून बांधलेला. काळ्यांचाही कर त्यात होता. पाण्यात पाय घालायची तेवढी त्यांना मुभा नव्हती. एकसष्ट साली कोर्टानं निकाल दिला, तलाव सर्वांना खुला करा. नगरपालिकेनं तो मातीनं बुजवून टाकला. ट्रक रिकामे होत होते तेव्हा मावशी कुंपणाला धरून उभी होती.

"रडतेस काय?" तिचा नवरा, क्लाइडकाका, तिला म्हणाला. "ज्याला पोहायचंय तो आपल्या अंगणात तलाव बांधेल. हा देश कशावर उभाय? कमवा नि भोगा!"

त्यानं तोच धंदा काढला. दोन-तीन वर्षांत ऐपतदारांच्या प्रत्येक घरामागे निळं पाणी चमकायला लागलं. काकाकडे लांबलचक गाडी आली. सगळ्यात मोठा तलाव अर्थातच त्याच्या स्वतःच्या अंगणात.

नदीकाठच्या काळ्यांच्या वस्तीतून रूथ टिलमन त्यांच्याकडे धुण्या-इस्त्रीला यायची. ऐन जुलैत तिची थोरली, ओडेसा, नदीत बुडाली. नऊ वर्षांची होती. दफन उरकलं आणि रूथ परत टॉवेलांना इस्त्री करायला हजर.

"घरी जा गं, रूथ."

"घरी काय करू, मिस वर्ना? तिथं तिचे कपडे आहेत."

तेव्हापासून मावशीला सकाळी अंगणातल्या तलावाच्या काठावर ओली पावलं दिसू लागली. लहान, अनवाणी. पाण्यातून निघून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. एकदा मला हाताला धरून दाखवायला नेलं. मला नुसती कोरडी फरशी दिसली, पण तिचा हात बर्फासारखा गार होता.

"मांजर असेल," काका म्हणाला.

"मांजराची टाच उमटते, क्लाइड?"

एके दिवशी तिनं रूथची धाकटी दोघं तलावात उतरवली. शेजाऱ्यांनी पाहिलं. संध्याकाळी काकानं सगळं पाणी सोडून दिलं.

"उद्यापासून गिऱ्हाईक फिरकेल का माझ्याकडे? सगळं घालवायला निघालीस!"

"बरं. मी नदीवर शिकवते."

"जा. बूड तिथंच."

ती गेली. एक दोरखंड, टायरच्या दोन जुन्या ट्यूब. आधी रूथचीच पोरं, मग नदीकाठच्या वस्तीतली सगळी. कुणी तिच्या गाडीची काच फोडली, तर काकानं गाडीच काढून घेतली. मावशी चालत जायला लागली. काकानं घटस्फोट दिला नाही. माडीवर राहायला गेला आणि तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. धंदा मात्र छान चालला.

सप्टेंबरात एकदा मीही सोबत होते. पोरं घरी गेली होती. रूथ कामाच्याच झग्यात पाण्यात उतरली. "मलाही शिकवा."

मावशीनं तिच्या पाठीखाली हात धरला. रूथ डोळे मिटून तरंगली. मग हळूच म्हणाली, "मिस वर्ना, माझी ओडेसा सापडली ती जागा तुम्हाला ठाऊक आहे. मला तिथं न्या."

मावशीनं नेलं. झुकलेल्या झाडापाशी थांबली. "पाय सोड खाली."

रूथनं पाय सोडले. तळ लागला. ती उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं.

"एवढंच?" ती म्हणाली.

 दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि मी काठावर टॉवेल घेऊन.