मधली सोळा पानं

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी माझा धाकटा भाऊ संजय ठाण्यात, कोपरीच्या मागे, खाडीच्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतला. भरती चढत होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याची बायको माधवी हिने त्याला एकटीने बाहेर काढलं. एवढ्याबद्दल वाद नाही.

चमत्कार वगैरे मी मानत नाही. वर्तमानपत्रात उपसंपादक होते. असले मजकूर छापायला नकार देत आले. म्हणून दोघांना वेगवेगळं विचारलं. सांगणं जुळतं.

संजय मासे धरायला बसला होता, माधवी काठावर चटई टाकून शेजारी. गळ अडकला, तो सोडवायला खाली उतरला आणि रुतला.

"अगं, हात दे! खेच!"

"खेचायचं नाही. आधी पाठीवर आडवे व्हा."

"इथे? चिखलात?"

"मग काय, गादी घालू? पडा म्हणते ना!"

तो पडला. माधवीने बसायची चटई पुढे टाकली, तिच्यावर पालथी झाली आणि ओढणीचं टोक त्याच्याकडे फेकलं. एकेक पाय हळूहळू हलवत सोडवायला लावला. दुसरा पाय सुटला तेव्हा पाणी त्याच्या कानापर्यंत आलं होतं.

संध्याकाळी मी डोंबिवलीहून पोहोचले. हे सुचलं कसं, विचारलं.

"ताई, तुम्हीच दिलेल्या पुस्तकात नाही का? दलदलीत ती नायिका एकाला असंच काढते."

ती एक जाडजूड कादंबरी होती — उडती गलबतं, तलवारबाजी, आणि हरलेल्याच्या जखमेवर स्वतः पट्टी बांधणारी नायिका. आम्हा दोघींना फार आवडलेली. पण माझ्या प्रतीत नायिका दलदलीच्या काठावर पोहोचते आणि पुढच्याच पानावर पलीकडे असते. मधला एक फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं, बांधायचाच राहिला होता. पुस्तक देताना मी तसं सांगितलंही होतं.

"कुठे राहिलाय? मी सलग वाचलं की," माधवी म्हणाली.

पुस्तक उघडलं. पानं नव्हती. तिने ती जागा पुन्हा पुन्हा उलटून पाहिली.

"मग... मी काय वाचलं?"

दुसरी प्रत तिने पाहिलेली नव्हती. गोष्ट कोणाकडून ऐकलेली नव्हती, फोनवर वाचलेली नव्हती. मी सगळं विचारलं. आजही माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही.

पुढच्या आठवड्यात नवी, बंद वेष्टनातली प्रत घेऊन गेले. उघडण्याआधी तिला विचारलं, "त्याला काढल्यावर पुढे काय होतं?"

"त्याची तलवार ती त्यालाच परत देते. तो तिला मारायला आलेला असतो, तरी. मला तेच जास्त आवडलं."

वेष्टन तिने फाडलं. माझ्या प्रतीत नसलेली ती सोळा पानं मी उघडली. नायिका चिखलावर ढाल टाकून पालथी झोपली आहे, समोरच्याला पाठीवर पडायला सांगते आहे. त्या सोळांतल्या शेवटच्या पानावर ती त्याची तलवार पुसून त्याच्या हातात देते.